बाबा विचारतात, एकूण किती खर्च झाला?

गेल्या वेळी एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की कॅन्सरच्या घरात आजारापेक्षा पैशाबद्दल जास्त कुजबुज चालते, तर त्यावर एवढे मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यातच जाणार. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, रागावू नका. आणि परत एकदा सांगते, मी डॉक्टर नाही, कॅन्सर वॉर्डात मेडिकल सोशल वर्कर म्हणून २२ वर्षं काढलीत, त्यामुळे औषध कुठलं घ्यावं ते मला विचारू नका, ते घेताना घरात काय काय होतं ते विचारा.

प्रश्न: ताई, माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, १२ पैकी ७ सायकल, म्हणजे केमोच्या फेऱ्या, झाल्या. इन्शुरन्सची लिमिट ऑपरेशनलाच संपली. मग मी ठेवी मोडल्या, पर्सनल लोन काढलं, बायकोने पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते तेही गेले. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, एकूण किती झाले रे, आणि मी सांगतो सगळं इन्शुरन्समधून चाललंय. परवा त्यांच्या कपाटात रिपोर्ट शोधताना उलटीच्या गोळ्यांच्या ३ पट्ट्या सापडल्या, न फोडलेल्या. विचारलं तर म्हणाले मला तेवढा त्रास होत नाही. ताई, केमोनंतर ते रात्र रात्र बेसिनपाशी उभे असतात. मोठा भाऊ दुसऱ्या देशात आहे, दर फोनला म्हणतो काही लागलं तर सांग. मी काय सांगू? बाबांना खरा आकडा कळला तर ते ट्रीटमेंटच बंद करतील अशी भीती वाटते.

उत्तर: दादा, त्यांना माहीत आहे. आकडा नसेल माहीत, पण इन्शुरन्स संपलाय हे त्यांना नक्की माहीत आहे. ज्याला खरंच वाटतं की सगळे पैसे कंपनी भरतेय तो माणूस उलटीच्या गोळ्या शिल्लक टाकत नाही. घरात फोन कमी आवाजात व्हायला लागले, सूनबाईंनी कोर्सचं नाव काढणं बंद केलं, हे सगळं आजारी माणसाला दिसतं, त्याला दिवसभर दुसरं काम काय असतं.

आणि हे फक्त तुमच्याच बाबांचं नाही. अमेरिकेत २०१३ साली एका पाहणीत २५४ कॅन्सर पेशंटना खर्चाबद्दल विचारलं होतं, त्यातले बहुतेक सगळे इन्शुरन्स असलेलेच होते, तरी साधारण पाचातल्या एकाने सांगितलं की पैसे वाचावेत म्हणून आम्ही औषध लिहून दिलंय त्यापेक्षा कमी घेतो. जवळजवळ निम्म्यांनी खाण्यावरचा आणि कपड्यांवरचा खर्च कमी केला होता. त्याच सुमाराला डॉक्टर लोकांमध्ये फायनान्शियल टॉक्सिसिटी हा शब्द चालायला लागला, म्हणजे केमोने जसे केस जातात, तोंड येतं, तसाच खर्च हाही उपचाराचा एक साइड इफेक्ट धरायचा आणि तसाच विचारायचा. शब्द जड आहे पण कल्पना मला पटलेली आहे. कारण बघा, तुमच्याकडे आत्ता काय होतंय. पुढच्या ओपीडीत डॉक्टर विचारतील उलट्या कशा आहेत, तुम्ही सांगणार खूप आहेत, ते समजणार की ही गोळी लागू पडत नाहीये, मग एकतर त्याहून महागडी लिहून देतील नाहीतर केमोचा डोस कमी करतील, आणि खरं कारण तिकडे कपाटात पडलंय. त्यामुळे त्या ३ पट्ट्यांबद्दल बाबांशी बोलायच्या आधी डॉक्टरांशी बोला, फोनवर बोललात तरी चालेल.

आता बाबांना कसं सांगायचं. केमोच्या दिवशी नाही आणि त्यानंतरचे २-३ दिवसही नाही, दोन सायकलच्या मधे त्यांना जरा तरतरी असते ना, त्यातली एखादी संध्याकाळ धरा. ते नेहमीसारखं विचारतील, किती झाले रे. तेव्हा वही घेऊन बसायचं आणि आकडा सांगायचा. फक्त खड्डा दाखवू नका, खड्ड्याबरोबर आपण काय ठरवलंय तेही सांगा, म्हणजे लोनचा हप्ता एवढा, तो पगारातून असा जातो, उरलेल्या ५ सायकलना अंदाजे एवढे लागणार, त्यातले एवढे आहेत आणि एवढ्यांची सोय बघायचीय. केमो ऑपरेशननंतरची आहे, तिचा शेवटचा दिवस ठरलेला आहे, हे तुमच्या बाजूने फार मोठं आहे. ट्रीटमेंट बंद करू म्हणाले तर लगेच वाद घालू नका, त्यांना म्हणा हे वाक्य डॉक्टरांसमोर बोला. डॉक्टर त्यांना सांगतील की या ५ सायकल कशासाठी आहेत आणि सोडल्या तर काय होऊ शकतं, मुलाने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडतो.

आणि मग ती वही त्यांच्याकडेच द्या. हे मी मनाने सांगत नाहीये. आमच्याकडे एक काका होते, आयुष्यभर अकाउंट्सच्या खात्यात काम केलेले, त्यांच्या मुलीने सगळा हिशेब असाच लपवला होता. कळल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बिलं आण. पेन्सिलीने रकाने आखले, एक हॉस्पिटलच्या बिलांचा, एक जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा, आणि तिसरा रकाना मी आजवर कुणाच्या वहीत पाहिला नव्हता, बुडालेल्या पगाराचा, मुलीच्या बिनपगारी रजा त्यांनी तारखेसकट लिहिल्या होत्या. ड्रिप चालू असताना डाव्या हाताने बरोबरच्या खुणा करायचे. एकदा त्यांनी बिलात एकच ब्लड टेस्ट दोनदा लावलेली पकडली आणि काउंटरवरून स्वतः पैसे परत घेऊन आले, त्या दिवशी चेहरा बघायला हवा होता त्यांचा. आजार झाल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडले होते.

भावाचं. काही लागलं तर सांग या वाक्याला कडी नसते, धरणार कुठे. तो वाईट आहे असं नाही, लांबच्या माणसाला काय द्यावं तेच कळत नाही. त्याला सांगा, आठवी सायकल अमुक तारखेला आहे, त्याचं बिल तू भर. एवढंच. सगळा हिशेब काढून तू काहीच केलं नाहीस असं सुरू केलंत तर गेल्या २० वर्षांचं सगळं बाहेर येईल आणि सायकलचे पैसे तुम्हालाच भरावे लागतील. वहीचा फोटो मात्र त्याला दर महिन्याला पाठवा.

एक राहिलं. आग्नेय आशियातल्या ८ देशांत ९ हजारांवर पेशंटचा वर्षभर मागोवा घेतला होता, २०१५ मध्ये ते छापून आलं, कॅन्सर निघाल्यावर वर्षाच्या आत जवळपास निम्म्या पेशंटच्या घराचा उपचारावरचा खर्च वर्षाच्या कमाईच्या ३० टक्क्यांच्या वर गेला होता. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, तुमचं नियोजन चुकलं म्हणून असं झालं असं जे तुम्ही रात्री स्वतःला सांगत असाल ना, ते बंद करा म्हणून सांगतेय. आणि सूनबाईंना एकदा विचारा, कोर्सचं पुढच्या वर्षी बघूया का. पैसे आत्ता नसले तरी विचारा.

प्रश्न: मिस्टरांना लंग कॅन्सर, चौथी स्टेज. दीड वर्ष झालं मी नोकरी सोडून घरीच आहे. सगळं मीच करते, औषधं, ऑक्सिजन, अंघोळ, रात्रीचं उठणं. परवा रात्री ३ वाजता त्यांनी चौथ्यांदा हाक मारली आणि माझ्या मनात आलं की संपू दे एकदाचं. तेव्हापासून मला झोप नाही. मी इतकी वाईट बाई आहे का? आणि डॉक्टर आता पॅलिएटिव्हवाल्यांना भेटा म्हणतायत, म्हणजे त्यांनी हात टेकले का?

उत्तर: नाही हो वहिनी. हे वाक्य मी इतक्या बायकांच्या आणि पुरुषांच्याही तोंडून ऐकलंय, पाणी प्यायच्या कुलरपाशी, जिन्यात, लिफ्टमध्ये, आणि प्रत्येकाला वाटतं की जगात आपल्यालाच हे सुचलं. संपू दे मधलं काय संपू दे ते नीट बघा. तो माणूस संपावा असं नाहीये ते, रात्री तीनची ती चौथी हाक संपावी असं आहे.

पण झोप नाही हे मी हसण्यावारी नेणार नाही. १९९९ साली अमेरिकेत वयस्कर जोडप्यांवरचा एक अभ्यास आला होता, आजारी जोडीदाराची सेवा करणारे जे लोक त्या ताणाने पिचून गेले होते, त्यांच्यात पुढच्या ४ वर्षांत मरायचं प्रमाण, अशी सेवा करावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघालं. म्हणजे दमणं हा काही मनाचा खेळ नाही. आठवड्यातल्या २ रात्री दुसरं कोणीतरी त्या खोलीत झोपलं पाहिजे, दीर, नणंद, मोठा मुलगा, पैसे देऊन ठेवलेली अटेंडंट, कोणीही. त्यांना माझ्याशिवाय चालत नाही हे मला सांगू नका, पहिल्या रात्री नाही चालत, तिसऱ्या रात्री चालतं. आणि कधी स्वतःलाच संपवावं असं मनात आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी आणि डॉक्टरांना सांगायचं.

आता पॅलिएटिव्हचं, म्हणजे आजाराबरोबरचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं. या शब्दाची लोकांनी इतकी धास्ती घेतलीय की काही ठिकाणी डॉक्टर तो उच्चारायलाच घाबरतात. बोस्टनमध्ये नेमक्या तुमच्या मिस्टरांसारख्या, म्हणजे पसरलेल्या लंग कॅन्सरच्या १५१ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम. दुसऱ्या गटातल्या लोकांचं दुखणं-खुपणं आणि डिप्रेशन कमी होतं, शेवटी शेवटी केमोचा मारा कमी झाला, आणि जगलेही ते जास्त, मधला आकडा ११.६ महिने, पहिल्या गटाचा ८.९. हात टेकल्यावर असं होत नाही. ही टीम दम लागणं, दुखणं, झोप हे बघते आणि तुमच्याकडेही बघते, म्हणजे तुम्ही, मुलं, घर कसं चाललंय. लंडनला १९६७ साली सेंट क्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, सुरू करणाऱ्या डॉक्टर सिसिली सॉन्डर्स याला टोटल पेन म्हणायच्या, शरीराचं, मनाचं, नात्यांचं, पैशाचं, श्रद्धेचं दुखणं असं सगळं मिळून एकच दुखणं. पहिल्या भेटीला मिस्टरांना नेता नाही आलं तर फाइल घेऊन तुम्ही एकट्या जा, आणि रात्री तीनची हाक कशासाठी असते ते सांगा. दम लागतो म्हणून असेल तर त्याला औषध आहे, भीती वाटते म्हणून असेल तर त्यालाही आहे, हाक चारावरून एकावर येऊ शकते.

प्रश्न: आईसाठी डॉक्टरांनी नवीन औषध सुचवलंय, प्रचंड महाग. खर्चाचं विचारलं तर आम्ही कंजूस आहोत असं वाटेल का? काय विचारायचं तेच कळत नाही, त्यांच्यासमोर बसलं की डोकं ब्लँक होतं.

उत्तर: वाटू दे. खरं तर बऱ्याच डॉक्टरांना तुम्ही विचारलंत तर बरंच वाटतं, कारण त्यांनी स्वतःहून पैशाचा विषय काढला तर नातेवाईक चिडतात हे त्यांनी भोगलेलं असतं.

प्रश्न कागदावर लिहून न्या आणि बरोबर दुसऱ्या कुणाला तरी न्या, एकाने बोलायचं एकाने लिहायचं. पहिला प्रश्न हाच की या औषधाने आजार पूर्ण बरा व्हायचा आहे की ताब्यात ठेवायचा आहे, कारण फायदा होतो या एका शब्दात दोन्ही बसतं, आणि लोक घर गहाण टाकतात ते बहुतेक वेळा बरा होईल असं ऐकू आलं म्हणून, डॉक्टर तसं म्हणालेले नसतात. मग विचारा की आईसारख्या पेशंटना याने साधारण किती वेळ जास्त मिळतो, तो वेळ अंथरुणात की हिंडता फिरता, किती सायकलनंतर कळेल की उपयोग होतोय आणि नाही झाला तर कधी थांबवायचं. थांबायचं आधी ठरलेलं नसलं की नंतर थांबवणं म्हणजे आईला सोडून देणं असं वाटायला लागतं आणि लोक कर्ज काढत राहतात. आणि हेच औषध जेनेरिक किंवा बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच पण स्वस्त, मिळतं का, त्याची ट्रायल, म्हणजे पेशंटवरची चाचणी, चालू आहे का, हेही.

कमी उपचारात तेवढंच काम होतं असंही कधी कधी निघतं, म्हणून विचारायला लाजू नका. ब्रेस्ट कॅन्सरच्या रेडिएशनचं बघा, ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये आला, ३ आठवड्यांत १५ वेळा द्यायचं ते १ आठवड्यात ५ वेळा दिलं तरी ५ वर्षांनंतरचा निकाल मागे पडला नाही, म्हणजे १० खेपा वाचल्या, १० रजा वाचल्या. ट्रॅस्टुझुमॅब हे ब्रेस्ट कॅन्सरचंच एक औषध, ते १२ महिन्यांऐवजी ६ महिने देऊन बघितलं, ४ हजारांवर बायका होत्या, २०१९ मध्ये तेही तोडीस तोड निघालं, तरी बरेच डॉक्टर १२ महिनेच देतात आणि त्यालाही त्यांची कारणं असतात, पण कारण विचारायचा हक्क आपला. प्रोस्टेट कॅन्सरच्या अबिराटेरॉनचं तर गंमतच आहे, ते रिकाम्या पोटी घ्यायचं औषध, पण २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात, ७२ पेशंटच्या, हलक्या नाश्त्याबरोबर पाव डोस दिला तर पीएसए, म्हणजे या कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात तो आकडा, जवळपास तेवढाच खाली आला. आता हे वाचून कुणीही घरच्या घरी गोळीचे चार तुकडे करायचे नाहीत, हात जोडून सांगते, पोटात किती शोषलं जाईल याचा नेम नसतो आणि लिव्हरवर बेततं. डॉक्टरांना विचारायचं, बस.

आणि आईला विचारलंत का? ७ जण मिळून ठरवताय असं तुमच्या मेलवरून दिसतंय, त्यात ती नाहीये.

प्रश्न: सगळे नातेवाईक रोज काहीतरी उपाय फॉरवर्ड करतात, अमुक रस, तमुक पावडर, एका बाबांचं औषध. नाही म्हटलं तर म्हणतात तुम्हाला पेशंट बरा व्हायलाच नकोय. काय करावं?

उत्तर: ग्रुप म्यूट करा. एका माणसाला, शक्यतो ज्याला उलट उत्तर द्यायला येतं अशा भाच्याला, प्रवक्ता नेमा, जे काय पाठवायचं ते त्याला पाठवा म्हणावं. केमो चालू असताना कुठलीही पावडर, काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायचा नाही, लिव्हर आधीच कामाला लागलेलं असतं. आणि ज्या काकूंनी पावडर पाठवली त्यांना म्हणा गुरुवारी ३ तास पेशंटजवळ बसायला या. येतात की नाही ते मला कळवा.

प्रश्न: माझी ट्रीटमेंट संपून ८ महिने झाले, रिपोर्ट क्लीन आहेत. ऑफिसला जायला लागले. घरचे म्हणतात आता विसर, नवीन आयुष्य. पण स्कॅन जवळ आला की १५ दिवस आधीपासून मी कुणाशी बोलत नाही, प्रत्येक कळ तीच वाटते. मी २९ वर्षांची आहे आणि ऑफिसमध्ये कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर प्रमोशन जाईल.

उत्तर: तू २९ ची आहेस म्हणून तू म्हणते हं. याला लोक स्कॅनझायटी, स्कॅनची अँग्झायटी, म्हणायला लागलेत, म्हणजे बघ किती जणांना होत असेल की वेगळा शब्द काढावा लागला. ट्रीटमेंट चालू असताना माणूस कामात असतो, आज रक्ताची सीबीसी तपासणी, उद्या पांढऱ्या पेशींचा काउंट कमी म्हणून इंजेक्शन, परवा सायकल. ते संपलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमकी तेव्हा तुला घाबरायला सवड मिळते. विसर म्हणणाऱ्यांवर चिडू नकोस, पण त्यांचं ऐकूही नकोस.

स्कॅन आणि रिपोर्ट यांच्यात जितके दिवस जास्त तितका त्रास, म्हणून दोन्हीच्या अपॉइंटमेंट लागून मिळतील का ते विचार, बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही म्हणून मिळत नाहीत. कुठली लक्षणं दिसली तर लगेच यायचं आणि कुठली २ आठवडे थांबून बघायची हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घे. कळ आली की तो कागद बघायचा, गूगल नाही. बऱ्याच हॉस्पिटलात ताण मोजायला डिस्ट्रेस थर्मामीटर वापरतात, ० ते १० चं थर्मामीटरचं चित्र असतं, या आठवड्यात तू कुठे आहेस त्यावर खूण करायची, ४ किंवा वर असलं की समुपदेशकाकडे पाठवतात. तुझे ते १५ दिवस मला ८ च्या खाली वाटत नाहीत. पुढच्या फॉलोअपला सांग.

ऑफिसचं मी तुला सांग म्हणणार नाही, सांगू नको पण म्हणणार नाही. सांगितल्यावर बॉस स्वतः घरी सोडायला आलेला मी पाहिलाय आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या डिपार्टमेंटला टाकलेलीही पाहिलीय. फक्त एका माणसाला सांग, जो तुझ्या स्कॅनच्या दिवशी तुझी मीटिंग सांभाळेल आणि का ते विचारणार नाही.

प्रश्न: माझ्या बायकोला कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू. मुलगी ९ वर्षांची आहे. तिला काय सांगू? आम्ही सध्या आईला ताप आहे असं सांगितलंय.

उत्तर: ताप म्हणू नका, पुढच्या वेळी तिला स्वतःला ताप आला की ती घाबरून मरेल. आजाराचं नाव सांगा, कॅन्सर असंच, शाळेत कुणाकडून तरी कळण्यापेक्षा ते बरं. हा हात लावल्याने होत नाही, आईच्या कुशीत झोपलं तर चालतं, आणि तू हट्ट केलास किंवा आईशी भांडलीस म्हणून हे झालेलं नाही, हे तिने विचारलं नाही तरी सांगा, कारण या वयाची मुलं हेच मनात धरून बसतात आणि कधी विचारत नाहीत. केस जाणार आहेत हे जायच्या आधी सांगा. आई बरी होणार ना असं विचारलं तर खोटं वचन देऊ नका, डॉक्टर आणि आपण सगळे खूप प्रयत्न करतोय आणि जे काय असेल ते मी तुला सांगेन म्हणा, आणि मग खरंच सांगत राहा.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर ती बहुतेक एकच विचारेल, मग मला शाळेतून आणायला कोण येणार? त्याचं उत्तर आज रात्रीच तयार ठेवा, नावासकट.